वाचकांचे प्रश्न : आधी छोटा काटा शिकवा, मोठ्याचं नंतर बघू

मागच्या अंकात मुलांच्या घड्याळ शिकण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती घड्याळंच घड्याळं येतायत. पालकांचे प्रश्न येणार हे माहीत होतं पण मोठ्या माणसांचेही आलेत, आणि एकाने तर जुन्या लग्नपत्रिकेचा फोटो पाठवलाय. सगळे घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे गाळलीत.

प्रश्न : ताई, मुलगी तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. पाचचा पाढा पाठ आहे, मिनिटं बरोबर सांगते पण तास चुकतो. ३:५० ला हमखास ४:५० म्हणते. घरी सासूबाई "पावणेचार झाले गं, दूध घे" म्हणतात तर ही वहीत ४:४५ लिहून मोकळी. रोज प्रॅक्टिस घेते, रोज रडारड होते. स्टेशनरीच्या दुकानातून पुठ्ठ्याचं घड्याळ पण आणलंय. अजून काय करू? (डोंबिवली)

उत्तर : आधी ते पुठ्ठ्याचं घड्याळ माळ्यावर टाका. खरंच सांगते. त्याचे काटे सुटे असतात, एकमेकांशी काही संबंध नाही. तुम्ही ३:५० दाखवायला मोठा काटा १० वर नेता आणि छोटा आपला बिनधास्त ३ वर टेकलेला राहतो. खऱ्या घड्याळात ३:५० ला छोटा काटा ३ वर नसतोच, तो जवळजवळ ४ ला चिकटलेला असतो. म्हणजे पुठ्ठ्यावर एक चित्र आणि भिंतीवर भलतंच, मग ती पोर जे दिसतं ते वाचते, काटा ४ जवळ दिसतोय म्हणून चार. तिने नीट बघूनच उत्तर दिलंय हो, त्यात रडवण्यासारखं काही नाही.

दुसरं म्हणजे आपण सगळेच सुरुवात मोठ्या काट्यापासून करतो, कारण पाचचा पाढा येतो ना, मग लगेच पाच, दहा, पंधरा सुरू. छोटा काटा म्हणजे "तो तास दाखवतो" एवढं एक वाक्य आणि पुढे चला. माझं मत अगदी उलट आहे. आधी फक्त छोटा काटा, मोठ्याचं नावही काढायचं नाही. आणि हे काही माझ्या मनाचं नाही, घड्याळ मुळात असंच होतं. युरोपातल्या टॉवरवर सुरुवातीला जी यांत्रिक घड्याळं बसली त्यांना एकच काटा असायचा, तासाचा. दिवसाला पाव पाव तास चुकणाऱ्या घड्याळाला मिनिटाचा काटा लावून करायचं काय? १६५६ मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ केलं, चूक पाव तासावरून काही सेकंदांवर आली, आणि मग मिनिट काटा सगळीकडे दिसायला लागला. त्याआधी शेकडो वर्षं लोक एकाच काट्यावर वेळ वाचत होते आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

तर घरी असं करा. दीडदोनशे रुपयांचं साधं प्लास्टिकचं भिंतीवरचं घड्याळ घ्या, किंवा घरात जुनं पडलेलं असेलच. वेळ बरोबर लावून सेल काढा. मागचे खटके किंवा स्क्रू सोडवले की काच निघते. मधला सेकंद काटा नुसता दाबून बसवलेला असतो, चिमटीत धरून सरळ वर ओढला की येतो, वाकडातिकडा खेचू नका. त्याखाली मिनिट काटा, त्यावर काही घड्याळात बारीकसा गोल नट असतो आणि काहींत तोही नुसता दाबलेला असतो, तो काढा आणि डबीत जपून ठेवा. तास काट्याला हात लावायचा नाही. काच लावा, सेल घाला, किचनमध्ये टांगा. घड्याळ चालू राहतं, फक्त एकच काटा फिरतो. पाहुणे विचारतील हे काय, विचारू देत.

पुढचा आठवडाभर घरात सगळ्यांनी याच घड्याळावर बोलायचं. काटा बरोबर ३ वर, तीन वाजले. ३ आणि ४ च्या मधोमध, साडेतीन. ३ सोडून जरासा पुढे, सव्वातीन. ४ ला जरासा कमी, पावणेचार. सासूबाई जसं बोलतात तसं या एका काट्यावर सगळं दिसतं, मिनिटं एकदाही मोजावी लागत नाहीत. तिला नियम एकच सांगा, काट्याने जो आकडा मागे टाकलाय तो तास. तुम्ही डोंबिवलीकर आहात म्हणून सांगते, गाडीने डोंबिवलीच्या आधीचं कोपर स्टेशन सोडलं, बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या, प्लॅटफॉर्म दिसायला लागला तरी उतरता येत नाही, तोवर कोपरच्या पुढे एवढाच हिशोब. पावणेचारला तेच, चार समोर दिसतायत पण आलेले नाहीत.

आणि ४:४५ चा घोळ. आजी म्हणते चार, वहीत लिहायचे तीन, मुलीला कसं कळणार? कित्येक जणी मला लिहितात की आम्ही घरात पावणे-सव्वा बंदच करून टाकलं, मुलं कन्फ्यूज होतात म्हणून. अजिबात करू नका असं. आजीला बोलू दे, फक्त मुलीने उत्तर जोडून द्यायचं, "पावणेचार, म्हणजे तीन वाजून गेलेत." प्रत्येक वेळी दोन्ही भाग. थोड्या दिवसांत तोंडात बसतं आणि वहीतला तास आपोआप ३ यायला लागतो.

हे पक्कं झालं की मग मोठा काटा परत बसवा. छोटा काटा बरोबर एखाद्या आकड्यावर आणा आणि त्याच वेळी मोठा १२ वर दाबून बसवा, मध्येच कुठेतरी बसवलात तर दोघांचं गणित कायमचं चुकेल आणि पुन्हा पुठ्ठ्याचंच घड्याळ होईल. मग सेल काढून घड्याळ तिच्या मांडीवर द्या आणि मागची चकती तिलाच फिरवू दे. मोठा अख्खी फेरी मारून येतो तेव्हा छोटा कसाबसा एका आकड्यावरून दुसऱ्यावर पोचतो हे तिला स्वतःच्या हाताने कळलं पाहिजे, यावर दहा वर्कशीट सोडवून पण ते कळत नाही. पाचचा पाढा इथे, आता. "तीन वाजून दहा", "चारला दहा कमी" हे सगळ्यात शेवटी.

जाता येता "किती वाजले सांग" विचारणं मात्र थांबवा. त्यापेक्षा "साडेपाचला कार्टून लावू, झाले की मला हाक मार" असं सांगा. घड्याळाकडे ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघेल.

प्रश्न : मोबाईलवर, टीव्हीवर, मायक्रोवेव्हवर, गाडीच्या डॅशबोर्डवर सगळीकडे सरळ आकडे येतात. आजच्या मुलांना काट्याचं घड्याळ शिकवायचा अट्टहास कशासाठी? मला प्रामाणिक उत्तर हवंय, संस्कार वगैरे नको. (पुणे)

उत्तर : संस्कार नाही सांगत. आणि नाही आलं तर आयुष्य अडत नाही हेही मान्य. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमधली काट्याची घड्याळं काढून डिजिटल लावल्याची बातमी आली होती, मुलांना वेळ वाचता येईना आणि पेपरात टेन्शन यायला लागलं म्हणून. म्हणजे तुमच्यासारखा विचार करणारे शाळेतही आहेत.

पण आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेला मोबाईल आत नेता येत नाही, आणि वर्गात भिंतीवर असतं ते बहुतेक काट्याचंच. ११ ते २ चा पेपर आहे, मुलाने मान वर केली, पाऊण वाजलाय. डिजिटलवर १२:४५ दिसले तर साठच्या हिशोबाने वजाबाकी करावी लागते, अजून सव्वा तास. काट्यावर ते नुसतं दिसतं, उरलेला तुकडा एवढा, झालेला एवढा. "किती वाजले" हे आकडे जास्त पटकन सांगतात यात वादच नाही, "किती उरलं" हे काटे सांगतात. मला एवढ्या एका कारणासाठी शिकवावंसं वाटतं. तुम्हाला नाही पटलं तर नका शिकवू.

प्रश्न : नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलगा सेकंड ग्रेडला, शाळेत क्वार्टर टू, हाफ पास्ट सगळं व्यवस्थित येतं. पण पुण्याच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर "साडेदोन वाजले" म्हणतो, आजोबा हसतात, आणि मग हा मराठी बोलायचंच बंद करतो. मराठीतून वेळ कशी शिकवू?

उत्तर : पहिलं काम आजोबांचं, हसणं बंद. साडेतीन, साडेचार, साडेपाच, तर मग साडेदोन का नाही? पोराचं लॉजिक पक्कं आहे, आपल्याकडेच दोन ठिकाणी वेगळे शब्द आहेत. साडे तीनपासून पुढे चालू होतं, त्याच्या आधी दीड आणि अडीच. तसंच १२:४५ ला नुसतं पाऊण आणि १:१५ ला नुसतं सव्वा, पुढे आकडा नाही. आणि एक गंमत, जी आपण न शिकताच बोलतो आणि तिकडच्या मुलांना सांगावी लागते : पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला, आणि पावणेदोनपासून पुढे सगळे "वाजले". म्हणजे भानगड काय ती जेवणाच्या वेळेच्या आसपासची, बाकी दिवस सरळ आहे. हे पाच-सहा शब्द फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि येता-जाता म्हणत राहा, नियम समजावत बसू नका.

तिकडच्या शाळेत साधारण पहिलीत पूर्ण तास आणि अर्धा तास, दुसरीत पाच पाच मिनिटं, तिसरीत एकेक मिनिट असा क्रम असतो, त्यामुळे मिनिटांचं तुम्ही काही करू नका, ते शाळा करतेय. तुम्हाला फक्त मराठी लावायचीय, आणि त्यासाठी तुमच्याकडे एक भारी सोय आहे जी पुण्यातल्या आईकडे नाही. भारत तुमच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. तो अर्धा तास बघा. तुमच्याकडे कुठलाही पूर्ण तास वाजला की आजोबांकडे कायम साडेच असतात! सकाळी तुमचे आठ, त्यांचे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. तुमच्याकडे सव्वा झाला की तिकडे पावणे, तुमच्याकडे पावणे तर तिकडे सव्वा. भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी लावा, एक एडिसनचं आणि एक पुण्याचं, मोठे काटे एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला दिसतील. कॉल लावायच्या आधी त्याने सांगायचं आजोबांकडे किती वाजले असतील, आणि आजोबांनी पुण्याचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमचं घड्याळ बदलतं, त्या दिवशी पुण्याचं घड्याळ तसंच राहतं हे पण त्याला दाखवा. दीड आणि अडीच हवे असतील तर तुमच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे चार आणि पाच, पण त्या वेळी आजोबा झोपलेले असतात, तेव्हा त्यांना न उठवता.

प्रश्न : धाकटा पाचवीच्या आणि मोठी आठवीच्या स्कॉलरशिपला बसलीय. बुद्धिमत्तेच्या पेपरात आरशातलं घड्याळ येतं, मोठीला काट्यांमधला कोन पण. क्लासमध्ये फॉर्म्युले देतात, पाठ होतात, पेपरात विसरतात. काही सोपं आहे का? (लातूर)

उत्तर : आरशाचं अगदीच सोपं आहे. खरी वेळ आणि आरशातली वेळ यांची बेरीज कायम बारा तास होते, झालं. बारामधून वजा करायचं, फक्त हातचे घ्यायची कटकट नको म्हणून बाराच्या ऐवजी ११:६० लिहायचं. आरशात ४:२० दिसतायत, ११:६० मधून गेले ४:२०, खरे ७:४०. बाराच्या पुढची वेळ असेल, म्हणजे १२:२५, तर तिथे तास शून्य धरायचा, ०:२५, उत्तर ११:३५. मुलं बरोबर इथे फसतात, म्हणून याचीच दोन-चार उदाहरणं जास्त घ्या. एकदा बाथरूमच्या आरशासमोर खरं घड्याळ धरून दाखवलंत की बेरीज बारा का येते ते सांगावं लागणार नाही.

कोनाचं म्हणाल तर फॉर्म्युला आधी बाजूला ठेवा. साडेतीनला कोन किती? दहातली नऊ पोरं ९० म्हणतात, छोटा ३ वर आणि मोठा ६ वर धरून. पण छोटा ३ वर आहे का? साडेतीनला तो ३ आणि ४ च्या मधोमध असतो, वर डोंबिवलीच्या ताईंना तेच सांगितलंय. तबकडीवर बारा घरं, एका घराला ३० अंश. मधोमधपासून ६ पर्यंत अडीच घरं, म्हणजे ७५. चित्र काढलं की दिसतं. अर्ध्या तासाचं आणि पाव तासाचं गणित असंच घरं मोजून सुटतं, बाकीच्यासाठी छोटा काटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो आणि मोठा सहा अंश, एवढं लक्षात ठेवलं तर तो फॉर्म्युला, तीस गुणिले तास वजा साडेपाच गुणिले मिनिटं, पेपरात बसल्या जागी परत तयार करता येतो. साडेपाच म्हणजे सहातून गेला अर्धा, बाकी काही नाही.

आणि एक प्रश्न फिरून फिरून येतो, बारा तासांत काटे एकमेकांवर किती वेळा येतात. बारा नाही, अकरा. अकराच्या पुढे ते थेट बारालाच भेटतात, अकरा ते बाराच्या मध्ये वेगळी भेट होत नाही. दोन भेटींमध्ये ६५ मिनिटं आणि वर साधारण २७ सेकंद. मुलीला विश्वास बसत नसेल तर मागची चकती फिरवून मोजू द्या.

प्रश्न : ताई, हसू नका प्लीज. मी २७ वर्षांची आहे, बँकेत आहे, आणि मला काट्याचं घड्याळ पटकन वाचता येत नाही. साखरपुड्यात सासरकडून छान घड्याळ मिळालं, त्यावर आकडेच नाहीत, नुसते चार ठिपके. कोणी वेळ विचारली की मी पर्समधून मोबाईल काढते, आता होणाऱ्या नवऱ्याच्या पण लक्षात आलंय. या वयात शिकता येईल का? (नाशिक)

उत्तर : हसण्यासारखं काय आहे त्यात, आणि चार ठिपक्यांचं घड्याळ बरेच जण अंदाजानेच वाचतात, फक्त बोलून दाखवत नाहीत. तुम्ही बँकेत आहात म्हणजे आकड्यांचा प्रश्न नाही, सवयीचा आहे.

तुमचा घोळ बहुतेक हा असणार की तुम्ही अचूक मिनिट शोधायला जाता. ४:२७ कोणाला हवेत? "साडेचार होतायत" म्हटलं की समोरच्याचं काम झालं. नजर आधी छोट्या काट्यावर, तो दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठे आहे, मग मोठा उजवीकडून खाली उतरतोय की डावीकडून वर चढतोय. उजवीकडे असेल तर तास होऊन गेलाय, डावीकडे असेल तर पुढचा यायचाय. मोठ्या काट्याच्या चारच जागा लक्षात ठेवा, वर पूर्ण, उजवीकडे सव्वा, खाली साडे, डावीकडे पावणे. तुमचे चार ठिपके नेमके तिथेच आहेत! म्हणजे सासरच्यांनी उलट सोपं घड्याळ दिलंय.

तरी रोजच्या वापराला बारा आकडे आणि मिनिटांच्या बारीक रेघा असलेलं साधं घड्याळ घ्या, ते भारी घड्याळ समारंभाला. मोबाईलच्या स्क्रीनवर पण काट्याच्या घड्याळाचं विजेट लावता येतं, ते लावा, म्हणजे पळवाटच बंद. रोमन आकड्यांचं समोर आलं तर आकडे वाचत बसू नका, जागा वाचा, कारण त्यात पुष्कळदा चारच्या जागी पुस्तकातला रोमन चार नसून सरळ चार उभ्या काड्या असतात आणि माणूस तिथेच अडकतो. दुकानाच्या काचेतल्या घड्याळांवर सराव करायला जाऊ नका, ती सगळी दहा-दहाच्या आसपास थांबवलेली असतात, काटे दोन्ही बाजूला सारखे पसरतात आणि वरचं कंपनीचं नाव मोकळं दिसतं म्हणून.

हा प्रश्न वाचून अजून कोणी स्वतःचं काही ताडून बघत असेल तर एक सांगते. घड्याळाबरोबरच लहानपणापासून पाढे, सुट्टे पैसे मोजणं, डावं-उजवं असं सगळंच कायम अडत असेल तर त्याला डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि हिशोब शिकण्यातली अक्षमता, हे कारण असू शकतं. तो आळस नाही आणि मठ्ठपणा तर नाहीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षणातल्या विशिष्ट अक्षमतांमध्ये त्याचं नाव आहे, शाळकरी मुलांना तपासणीनंतर परीक्षेत सवलती मिळतात, मुंबईत पालिकेच्या सायन हॉस्पिटलात त्यासाठी क्लिनिक आहे. नुसतं घड्याळ येत नाही एवढ्यावरून मात्र कोणावरही हा शिक्का मारू नका.

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे आहेत. हल्ली विसरतात म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. बाबांनी सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले आणि काटे १० आणि ११ वर लावले. आयुष्यभर मनगटावर घड्याळ बांधलेला माणूस. आम्ही सगळे हादरलोय. घरी रोज सराव घ्यावा का? (सांगली)

उत्तर : सराव नको दादा, मुळीच नको. ती वेळ सांगता येते का याची परीक्षा नाहीये. स्मरणशक्तीची शंका असली की बरेच डॉक्टर हे घड्याळाचं चित्र काढून घेतात, कारण त्या एका चित्रात खूप गोष्टी एकदम लागतात : सूचना लक्षात ठेवणं, गोलात जागेचा अंदाज घेऊन आकडे बसवणं, आणि "दहा मिनिटं" ऐकून हात १० कडे जात असतो त्याला आवरून २ वर नेणं. अकरा वाजून दहा ही वेळ मुद्दाम वापरतात ती याचसाठी. बाबांचा काटा १० वर गेला हे डॉक्टरांना काहीतरी सांगून गेलं असेल, पण एकट्या चित्रावरून आजार ठरत नाही. नजर कमी असेल, ऐकू कमी येत असेल, हात कापत असेल, त्या दिवशी घाबरले असतील तरी चित्र बिघडतं. घरी रोज काढून घेतलंत तर ते चित्र पाठ होईल आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना काही कळणार नाही, वर बाबांना रोज नापास झाल्यासारखं वाटेल ते वेगळंच.

त्यापेक्षा वहीत लिहून ठेवा, गोळ्या दोनदा घेतल्या का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळले का, पैशांचा व्यवहार जमतोय का, हे कधीपासून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या आणि त्याच डॉक्टरांकडे पुढच्या तपासण्यांना वेळेवर जा, विसरण्याची काही कारणं उपचाराने सुधारणारी पण असतात. घरात त्यांच्या पलंगावरून दिसेल असं मोठ्या ठळक आकड्यांचं घड्याळ लावा, शेजारी वार आणि तारीख. आणि नातवंडांना सांगून ठेवा, आजोबांना "सांगा बघू किती वाजले" असं गंमत म्हणून पण विचारायचं नाही.

प्रश्न : सोबत आजोबांच्या लग्नपत्रिकेचा फोटो, एप्रिल १९३९. मुहूर्त असा छापलाय, "घ. ११ प. १५, स्टँ. टा. १० वा. ४४ मि." घ. आणि प. म्हणजे काय आणि स्टँ. टा. लिहायची गरज काय होती? (गिरगाव)

उत्तर : घ. म्हणजे घटी आणि प. म्हणजे पळं. दिवस-रात्र मिळून साठ घटी, एक घटी २४ मिनिटांची, तिची पुन्हा साठ पळं. मोजायला सुरुवात सूर्योदयापासून, मध्यरात्रीपासून नाही. पूर्वी लग्नात बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायचे, ती बुडाली की एक घटका भरली. आता तुमचं गणित करू. ११ घटी १५ पळं म्हणजे सव्वा अकरा घटी, गुणिले २४, झाली २७० मिनिटं, साडेचार तास. १०:४४ मधून साडेचार तास मागे गेलं की ६:१४. एप्रिलच्या शेवटी मुंबईत सूर्य साधारण त्याच सुमाराला उगवतो, तेव्हा भटजींचं गणित चोख आहे.

आता स्टँ. टा., म्हणजे स्टँडर्ड टाइम. देशभर एक वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, साडेब्याऐंशी रेखांशावरची. मुंबई त्याच्या पावणेदहा अंशांच्या आसपास पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं धरली की मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे. आणि मुंबईने ती सोडली नाही, मुंबई टाइम थेट १९५५ पर्यंत चालू होता. एकाच शहरात दोन वेळा, रेल्वे एकीवर आणि बाकी बरंच काही दुसरीवर. म्हणून पत्रिकेत छापावं लागायचं की हे १०:४४ कुठले. मुंबई टाइमावर तेव्हा १०:०५ झालेले असणार, आणि ज्या पाहुण्याने ती दोन अक्षरं वाचली नाहीत आणि आपल्या घड्याळात १०:४४ बघून मांडवात शिरला तो ३९ मिनिटं उशिरा, अक्षता पडून बायका पंगतीच्या तयारीला लागलेल्या.